डब्यावरची पाटी

सातपूर, नाशिक
९ मार्च १९८३

ती. सौ. ताईस,
गोरक्षचा सा. न. वि. वि.

याला आज अचानक बहीण कशी आठवली, असं म्हणशील. काम आहे म्हणूनच आठवली, खोटं कशाला बोलू? हायस्कुलात तू पोरांना शिकवतेस ते इंग्रजी थोडं मला हवं आहे.

आमच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताह झाला. दरवर्षी कुणीतरी साहेब कागद वाचतो आणि माणसं डुलक्या घेतात. यंदा मला बोलायला सांगितलं. फिटर असलो तरी नकला करायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. मशीन उघडण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याच्यावर 'माणूस काम करत आहे' अशी लाल पत्र्याची पाटी टांगायची, हा आमचा नियम. प्रत्येक फिटरला त्याची स्वतःची पाटी असते. मी ती पाटी गळ्यात अडकवून एका वेंधळ्या कामगाराची नक्कल केली. तो पाटी सायकलला लावतो, चहाच्या किटलीला लावतो, फक्त स्विचला लावत नाही. माणसं हसून हसून बाकावरून खाली आली. माझं नाव सुरक्षेच्या शिकवणीसाठी कायमचं ठरवायचं, असंही साहेबलोक बोलू लागले.

पण चारच दिवसांत माशी शिंकली. गोटीराम म्हणून पेठकडचा एक फिटर आहे. त्याच्या डब्यातला ठेचा रोज कुणीतरी संपवायचं. त्याने गंमत म्हणून आपली पाटी डब्याला टांगली, आणि काढायची विसरून तसाच मशीनखाली शिरला. स्विचवर पाटी नाही हे बघून दुसऱ्या कामगाराने तो चालू करायला हात घातला. फोरमन जिवाच्या आकांताने ओरडला म्हणून निभावलं. गोटीरामला ओरखडासुद्धा नाही.

आता मॅनेजरसाहेबांनी मला मेमो दिला आहे, की सुरक्षा म्हणजे कॉमेडी नव्हे, लेखी खुलासा करा. खुलासा इंग्रजीत हवा. मी लिहिला आहे, सोबत जोडला आहे. त्यात जोक, कॉमेडी, फनी, ह्यूमर असे सगळे शब्द घातले आहेत, पण कोणता कुठे बसतो हे मला नक्की कळत नाही. मी कॉमेडी केली नाही, ह्यूमर केला, असं ठासून सांगायचं आहे. तेवढं नीट करून दे. शिकवणीचं काम हातचं जाऊ नये, एवढीच इच्छा.

दाजींना नमस्कार. बाळगोपाळांना गोड पापा.

तुझा,
गोरक्ष


निफाड
१४ मार्च १९८३

चि. गोरक्ष यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा खुलासा वाचला. दाजींना वाचून दाखवला तर ते म्हणाले, की हा खुलासा साहेबाला पाठवू नका, गॅदरिंगला ठेवा. इकडे द्राक्षांची तोडणी चालू आहे, त्यामुळे वर्गात निम्मी पोरं नसतात. जी येतात त्यांचे हात चिकट असतात. तरी त्यांचं इंग्रजी तुझ्यापेक्षा बरं आहे.

आता शब्दांचं ऐक. जोक सांगायचा असतो. सांगितला, हसलो, संपला. दाजी जेवताना सांगतात तो जोक, आणि तोच पुन्हा पुन्हा सांगतात ती शिक्षा. कॉमेडी म्हणजे मांडलेला खेळ. त्यात पात्रं असतात, लोक हसायलाच आलेले असतात आणि हसून घरी जातात. फनी हा रोजच्या बोलण्यातला शब्द, ज्याचं हसू आलं ते फनी. साहेबाच्या कागदावर तो नको. आणि ह्यूमर करता येत नाही रे बाबा, तो माणसाच्या अंगात असतो. मागच्या साली विंचूरच्या बाजारात कांद्याचा भाव पडला, तेव्हा आपले अण्णा रिकाम्या बैलगाडीत बसून म्हणाले होते, की चला, बैलांचं तरी ओझं उतरलं. ते स्वतःवर हसले आणि आपलं मन हलकं केलं. त्याला ह्यूमर म्हणतात.

आता राग येईल असं लिहिते. साहेबांनी शब्द बरोबर वापरला आहे. तू मांडलास तो खेळच होता. त्यातला वेंधळा हा भलताच कुणीतरी होता, म्हणून सगळे पोट धरून हसले. तो वेंधळा आपणही असू शकतो, असं एकालाही वाटलं नाही. गोटीरामला तरी कसं वाटावं? त्याला पाटी म्हणजे तुझ्या खेळातली वस्तू वाटली आणि त्याने ती डब्याला लावली. तू मुद्दाम काही केलं नाहीस हे मला माहीत आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते.

खुलासा दुरुस्त करून देईन, पण आधी गोटीरामला भेट. तुझ्या चार पानांत तो कसा आहे याची एक ओळ नाही.

काळजी घे. तुझ्यावरचा जीव कमी झाला म्हणून रागावले नाही.

तुझी,
ताई


सातपूर
२ एप्रिल १९८३

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कारण सांगतो, मी रुसलो होतो. बहिणीकडे इंग्रजी मागावं आणि तिने कान उपटावे, हा कुठला न्याय? मेमोला मुदत मागून घेतली आणि गप्प बसलो.

मग परवा गोटीरामच्या खोलीवर गेलो. तो दारातूनच म्हणाला, की लय झालं आता, मी गावाकडं चाललो. त्याची बायको बयाबाई म्हणाली, की हे धड जेवत नाहीत, डबा न्यायचंच बंद केलंय. ताई, कारखान्यात सगळे त्याला 'डबा' म्हणून हाक मारतात. त्याच्या खुंटीला रोज कुणीतरी काहीतरी टांगून ठेवतं, कधी चप्पल, कधी बादली. मला यातलं थोडं माहीत होतं. खरं सांगायचं तर एकदा मीही हसलो होतो. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला आम्ही हसून हसून नोकरीवरून उठवत होतो. मला फार वाईट वाटलं.

मी त्याला म्हटलं, की गावाला जायचं तर जा, पण आधी एकदा तुझी गोष्ट तूच सांग. दुसऱ्याने सांगितली की तिचा तमाशा होतो. तो आधी नायच म्हणाला. बयाबाईने चहा ठेवला आणि त्याला म्हणाली, की तोंड लपवून पेठला गेलात तर तिथंही लपवूनच बसाल. त्यावर तो बरं म्हणाला.

खुलासा फाडला. नवा लिहिला आहे, मोजका. कॉमेडी झाली हे कबूल केलं आहे आणि आणखी एकदा बोलायची परवानगी मागितली आहे, गोटीरामसह. तपासून लगेच पाठव. माझं नाव राहो न राहो, हा माणूस जायला नको.

लोभ आहेच, थोडा रागही असू दे.

तुझा,
गोरक्ष


निफाड
६ एप्रिल १९८३

चि. गोरक्ष यास,
अनेक आशीर्वाद.

खुलासा चांगला आहे. 'फनी' तेवढा काढला, बाकी तुझाच ठेवला. दाजी म्हणाले, की हा आता साहेबाला पाठवा.

एकच सांगते. गोटीराम बोलेल तेव्हा तू मध्ये नक्कल करू नकोस. तो अडखळला तरी थांब. आणि तो स्वतः हसेपर्यंत तू हसू नकोस.

त्याला आणि बयाबाईला माझा नमस्कार सांग. इकडून द्राक्षं पाठवते आहे, त्यातली निम्मी त्यांच्या घरी पोचली का, हे मी विचारणार आहे.

तुझी,
ताई


सातपूर
२३ एप्रिल १९८३

ती. सौ. ताईस,
कृतज्ञतापूर्वक सा. न. वि. वि.

परवानगी मिळाली आणि काल ते झालं. मी फक्त गोटीरामचं नाव सांगून बाजूला बसलो. तो उभा राहताच मागच्या बाकावरून एक फिटर डबा म्हणून ओरडला आणि हशा झाला. मी उठायला लागलो. पण गोटीराम म्हणाला, की व्हय, मीच तो डबा, आता डब्याची गोष्ट ऐका. त्याने ठेच्यापासून सुरुवात केली. ठेचा चोरणाऱ्याला त्याने अशा काही शिव्या दिल्या, की साहेबसुद्धा हसले. पाटी टांगल्यावर आपण जगातले सगळ्यात हुशार फिटर आहोत असं वाटलं, हे सांगताना तो स्वतःही हसला. मग म्हणाला, की त्या दिवशी ठेचा वाचला, डबा वाचला, पण हात गेला असता तर भाकरी कशानं मोडली असती? एवढं बोलून तो खाली बसला.

हसू जिथल्या तिथे थांबलं. ताई, मी नकला केल्या तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. काल टाळी पडली नाही. मॅनेजरसाहेबांनी मला जवळ बोलावून विचारलं, की याला काय म्हणायचं? तू शिकवलेला शब्द जिभेवर होता, पण मी एवढंच म्हणालो, की साहेब, ही गोटीरामची गोष्ट आहे. ते म्हणाले, की दर महिन्याला ठेवा, तुम्ही दोघं मिळून. कायमच्या नेमणुकीचं अजून काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. गोटीराम पेठला निघाला आहे, पण सुट्टीवर. सोमवारी परत येतो म्हणाला.

बाकावरून सगळे उठले तेव्हा पाठीमागून डबा म्हणून ओरडणारा दिसला. तो चहाला न जाता उलटा आत, दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेल्या मशीनकडे गेला. मी मागोमाग गेलो. तो आपल्या स्विचसमोर उभा होता आणि पाटी नीट टांगली आहे की नाही, हे हाताने चाचपून बघत होता.

दाजींना नमस्कार. तुझे आशीर्वाद आणि तुझं कान उपटणं, दोन्ही असेच मिळत राहोत.

तुझा धाकटा,
गोरक्ष