त्याच्याच बोटानं

३ मार्च
चि. धाकट्यास अ. उ. आ.
बाबांचा खोकला कसा आहे? आमच्या पृथ्वीगोलांच्या कारखान्यात काल कोण उगवलं असेल? तोच शाळा तपासनीस! बाबांनी फळ्यावर देशाचं नाव आपल्या भाषेत लिहिलं, म्हणून भरवर्गात तळव्यानं पुसायला लावणारा, आणि वर नोकरी घालवणारा. निवृत्त होऊन तुमच्याच गावी राहणार आहे. दिवाणखान्यात मोठा गोल हवाय म्हणे. मेल्यानं मला ओळखलं नाही. गोल माझ्याच टेबलावर आलाय. याला मी सोडणार नाही.
माया आहेच, ती राहू दे.
तुझी ताई

११ मार्च
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
बाबा माझ्याशी भांडतात, म्हणजे बरे आहेत. तुझं पत्र वाचून दाखवलं, तर अर्ध्या ताटावरून उठले. ताई, गोल फोडलास तर तुझीही नोकरी जाईल. त्याचं नरडं धरायला मी आहे. तू डोकं थंड ठेव.
लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा

२ एप्रिल
चि. धाकट्यास अ. उ. आ.
अरे विजेच्या तारा जोडणाऱ्या, फोडायचं कशाला? आपल्या देशाचं नाव मी आपल्या भाषेत पक्क्या शाईनं लिहिलं, वर रोगणाचे तीन हात दिले. त्यावर सरकारी नावाची चिठ्ठी चिकटवली, नुसत्या खळीनं. गोल न्यायला आला तेव्हा त्यानं पहिलं बोट तिथंच टेकवलं आणि मालकाला म्हणाला, हा आपला देश. सगळे तेच करतात. आता पाहुणे येतील, हा तिथंच बोट घासेल. मला घाई नाही. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.
आठवण ठेव.
तुझी ताई

१९ नोव्हेंबर
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
काल त्या तपासनीस साहेबाच्या बंगल्यावर दिवा दुरुस्तीला बोलावलं होतं. चिठ्ठी पार उडालीय! आपलं नाव असं लखलखतंय, की मी शिडीवरून पडलोच असतो. त्यानं ओल्या फडक्यानं घासलं, नखानं खरवडलं, शेवटी मलाच विचारलं, हे कशानं जाईल. मी म्हटलं, साहेब, हे जायचं नाही. तक्रार करायची तर गोल चारचौघांत न्यावा लागेल, म्हणून तोंड दाबून बसलाय.
घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, तळव्यानं पुसत होता का? मी हो म्हटलं, फडक्याआधी तळवाच चालवला होता त्यानं. मग त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि पुन्हा वाढायला सांगितलं.
दोघांचाही तुझ्यावर जीव आहे, हे वेगळं काय लिहू?
तुझा धाकटा