जवादसमोरचं नाव

बैरूत, ४ मार्च २००४

ती. इनामताईस सा. न. वि. वि.

नोंदणी खात्याच्या परीक्षेत मी आपल्या मुसलमानांत नववा आलो, तरी नेमणूक नाही. ख्रिस्ती उमेदवार आठच उत्तीर्ण झाले. दोन्हीकडचे सारखे हवेत, म्हणून आठ जोड्या लागल्या आणि मी उरलो. त्यांच्यात या पगाराला कोण विचारतं? ज्याचा भाऊ परदेशात, तो तिकडे जातो. आपल्याकडे एका जागेला चाळीस अर्ज. जूनमध्ये फक्त त्यांच्यासाठी फेरपरीक्षा आहे. कारकून हसून म्हणाला, "एक ख्रिस्ती शोधून आण, लगेच रुजू हो."

फदवाचे वडील माझ्या नोकरीसाठी ऑक्टोबरपर्यंतच थांबणार आहेत. नंतर तिला दुसरं स्थळ पाहतील.

तुझा,
जवाद

गावाहून, २० मार्च

चि. जवाद यास अनेक आशीर्वाद.

तुझा ख्रिस्ती मिळाला. समोरच्या उम्म इल्यासची मार्लेन. मी तिला रोज संध्याकाळी गच्चीवर शिकवते. खरं कारण मायलेकींना आधीच सांगितलं. उम्म इल्यास म्हणाली, "तुझ्या भावाचं लग्न माझ्या पोरीच्या गणितावर अडलंय होय? मग मिठाईचा पहिला डबा आमच्याकडे."

काल मार्लेनला अपूर्णांक जमले. मला आनंद झाला आणि मग लाज वाटली. वीस वर्षं शिक्षिका आहे, पण कुठल्या मुलीला असं घरी बोलावून कधी शिकवलं होतं? तुझी काळजी आहेच. पण तिला शिकवते ती त्या काळजीपोटी, हेच नडतं.

तुझी,
इनामताई

गावाहून, ९ जुलै

चि. जवाद यास अनेक आशीर्वाद.

मार्लेन पास झाली. त्याच आठवड्यात तिच्या भावाने, इल्यासने, कॅनडाहून तिला तिकडे नेण्याचे कागद पाठवले. ऑगस्टअखेर तिला निघायला हवं, नाहीतर कागद रद्द. नेमणुकांच्या यादीवर सही सप्टेंबरात, आणि तोवर ती इथे नसली तर तुमची जोडी मोडते.

ती गच्चीवर आली. म्हणाली, "इनामताई, तुम्ही थांब म्हणालात तर थांबते."

मी दोन दिवस मागून घेतले. थांब म्हटलं असतं तर ती खरंच थांबली असती, म्हणूनच म्हणवेना. काल समोर जाऊन तिला जा म्हणाले. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास, याची भीती वाटली.

तुझी नोकरी माझ्या तोंडून गेली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते आहे. शुक्रवारी बैरूतला येते. फदवाच्या वडिलांनाही मीच सांगेन.

लोभ असावा, असं सवयीने लिहायला घेतलं आणि हात थांबला. जमलं तर असू दे.

इनाम