श्री. लांडगे हे लांडगे असल्याबाबत

प्रति,
मा. अतिक्रमण निर्मूलन अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली

विषय : टेकडीमागील माळावरचे श्री. लांडगे यांचे घर सोमवारी पाडू नये, कारण श्री. लांडगे हे लांडगे आहेत.

संदर्भ : १) आपली जागा रिकामी करण्याची नोटीस. २) माझे आधीचे तीन अर्ज, जे "लांडगे यांचे नातेवाईक" या फायलीत लावलेले आहेत.

महोदय,

मी आपल्याच कार्यालयात प्राणिगणनेचा हंगामी प्रगणक आहे. माळावर जाऊन दिसेल तो प्राणी लिहून आणणे हे माझे काम. मागील अहवालात मी लिहिले होते : "लांडगे. नवरा, बायको, चार लहान मुले व गेल्या वर्षीची थोरली मुलगी. माळावर खोदकाम करून राहतात. सर्वांची प्रकृती उत्तम." नर, मादी, पिल्ले असे लिहायला हवे होते. मी लाडाने तसे लिहिले, ही चूक मला मान्य आहे. तथापि आवक लिपिकांनी त्यावर "विनापरवाना बांधकाम" असा शिक्का मारून कागद आपल्याकडे पाठवला, यात माझा हात नाही.

आपल्या निरीक्षकांनी बिळाजवळच्या झुडपाला नोटीस बांधली. सुनावणीस लांडगे गैरहजर राहिल्याने आदेश एकतर्फी निघाला. पुढची तारीख मिळावी म्हणून मी त्यांच्या वतीने आलो, तर लिपिक म्हणाले, "तू कोण त्यांचा? अधिकारपत्र आण. सही येत नसेल तर अंगठा चालेल." मी ओल्या मातीतला पंजा प्लास्टरमध्ये उचलून आणला. तो "अंगठा अस्पष्ट" या शेऱ्यासह परत मिळाला. अहो, ते जनावर आहे, असे मी सांगून पाहिले. त्यावर लिपिक म्हणाले, "शेजाऱ्यांबद्दल असं बोलू नये." दुसऱ्या अर्जाला फोटो जोडला. त्यावर शेरा आला, की कुटुंबप्रमुखाचा फोटो दोन्ही कान दिसतील असा हवा. महोदय, त्या फोटोत कानांशिवाय दुसरे फारसे काही दिसतच नाही. तिसऱ्या अर्जाचे उत्तर अजून यायचे आहे.

लांडगे तिथे राहण्याने सार्वजनिक हानी होते, असे नोटिशीत म्हटले आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. लांडगा फिरता असला की हरणे व ससे एका जागी बसून चरत नाहीत. त्यामुळे गवताला बी धरायला सवड मिळते, मुळे माती धरून ठेवतात, पाणी मुरते. त्याने टाकलेल्या शिकारीवर कोल्हे आणि गिधाडे जगतात. म्हातारे, आजारी जनावर तो आधी उचलतो. हे सर्व तो विनावेतन करतो व त्याने आजवर सुट्टीचा अर्ज दिलेला नाही.

मेंढपाळकाकांची या वर्षी तीन कोकरे याच लांडग्यांनी नेली. म्हणून मी मुद्दाम त्यांच्याकडेच सही मागायला गेलो. ते म्हणाले, "नेलं तेव्हा शिव्या घातल्या, पुन्हा नेलं तर पुन्हा घालीन. पण पलीकडच्या माळावर विष ठेवून लांडगे संपवले ना, तिथं जाऊन बघ. गवत मुळासकट गेलंय. माझ्या मेंढ्यांनी काय धोंडे चावायचे? आण तो कागद इकडं." त्यांची सही सोबत आहे.

आता मुख्य अडचण. पिल्ले अठरा दिवसांची आहेत. डोळे उघडून चार दिवस झाले. त्यांना बिळाबाहेर धड येताही येत नाही. आईला एका वेळी एकच पिल्लू तोंडात धरून नेता येते. पिल्ले चार, तोंड एक, आणि आपल्या यंत्राला ते बीळ सपाट करायला पाव तास पुष्कळ झाला. हा हिशेब मी रोज वेगवेगळ्या पद्धतीने मांडून पाहतो. तो एकदाही जुळत नाही.

सबब विनंती, की पिल्ले दोन महिन्यांची होईपर्यंत, म्हणजे अजून सहा आठवडे, कुणालाही तिकडे फिरकू देऊ नये, निरीक्षकांना व हौशी फोटोवाल्यांनाही. काकांना मेंढ्यांच्या वाड्यावर टाकायला जाळी द्यावी आणि कोकरांची भरपाई ते हयात असतानाच मिळावी, म्हणजे कुणाला विषाची आठवण होणार नाही. गावातल्या कुत्र्यांना लस टोचावी. त्यांचे आजार लांडग्यांना लागतात. यातल्या एकाही कामाला यंत्र लागत नाही.

हे जमत नसेल, तर ते अतिक्रमण माझ्या नावावर करावे. आपल्याच नोटिशीच्या मागे बारीक अक्षरांत छापले आहे, की राहत्या इसमाचा जबाब पूर्ण झाल्याशिवाय यंत्र चालवता येत नाही. तो इसम आजपासून मी. संध्याकाळी मी माळावर राहायला जात आहे. बिळाजवळ नाही, यंत्र येईल त्या वाटेवर, पाचशे पावले अलीकडे. जवळ बसलो तर आई घाबरून पिल्ले हलवू लागेल आणि आपले काम मीच केल्यासारखे होईल. जबाब मी सावकाश देईन. सहा आठवडे पुरेल इतके माझ्याकडे सांगण्यासारखे आहे.

यंत्रचालकास मात्र आधी कळवून ठेवावे, की वाटेत आडवा पडलेला दिसेल तो माणूस आहे.

आपलाच हंगामी कर्मचारी
व आजपासून आपलाच अतिक्रमणधारक,
(सही)

दिनांक : शुक्रवार, कार्यालय बंद होण्यास दहा मिनिटे कमी