दोघीच असताना

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय ताई,

'सप्रेम सलाम' लिहावं की नुसतं 'कशी आहेस', एवढ्यावरच तीन कागद फाडले. हा चौथा. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मोजपट्टे, लिही एकदाचं. पत्र आहे ते, परीक्षा नाही." सगळं मोजूनमापून करते म्हणून तू ठेवलेल्या त्या नावाने सहा वर्षांत मला कोणी हाक मारलेली नाही.

आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण जिन्याच्या प्रत्येक पायरीशी भांडून ती वर चढतेच. बाबा पुठ्ठ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहते आणि झेरॉक्सच्या दुकानात काम करते. मालकीणबाई चांगल्या आहेत, फक्त दर कागदाला "पाठपोट बघितलंस का?" विचारतात. पहिल्याच आठवड्यात मी एका गृहस्थांच्या करारनाम्याच्या नुसत्या पुढच्या बाजू काढून दिल्या होत्या. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बाई म्हणाल्या, "अगं, पानं राहिली, माणूस नाही मेला."

पण पत्र यासाठी नाही.

जानेवारीपासून मी बायबल स्वतःचं स्वतः वाचते आहे. सकाळी कामाला जायच्या आधी, खिडकीपाशी बसून, वहीत शंका लिहीत. तुला हसू येईल. आपण तर त्याच्यावरच वाढलो! आपली शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. आईने ताटं मांडली की सुटली. पण आपण वाचलं काय, सांग? कार्डं. बाबांनी कारखान्यातल्या उरल्यासुरल्या पुठ्ठ्यातून कापलेली, बुटांच्या खोक्यातली, एकेका वचनाची कार्डं. मला तीनशे वचनं पाठ होती, पण त्यांच्या आधी काय घडलं, कोण कोणाशी बोलत होतं, काही ठाऊक नव्हतं. म्हणून ठरवलं, पहिल्यापासून वाचायचं, एक ओळही न गाळता.

ऑगस्टमध्ये मत्तयाच्या अठराव्या अध्यायाशी आले. तिथे माझं कार्ड होतं. 'मंडळीला सांग.'

तुला ते आठवत असणार. तेच वचन म्हणत मी आपल्या मंडळीच्या प्रार्थनासभेत उभी राहिले होते. त्याच्या चार दिवस आधी आपण गच्चीवर चादरी वाळत घालत होतो, आणि तू चिमटा दातात धरून म्हणालीस, "मी प्रार्थना करते ना, तेव्हा पलीकडे कोणी आहे असं वाटेनासं झालंय. कोणाला बोलू नकोस हं." मी मान हलवली. मग चार दिवस ते कार्ड माझ्या डोक्यात वाजत राहिलं. गप्प राहिले तर मीही पापात भागीदार. सोळा वर्षांची होते, हे कारण म्हणून लिहीत नाही. साठ माणसांसमोर मी तुझं नाव घेतलं आणि मला हलकं वाटलं. हे शेवटचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तुझा संडे स्कूलचा वर्ग काढून घेतला. पाळकसाहेब तीन संध्याकाळी घरी येऊन तुला प्रश्न विचारत बसले. चौथ्या आठवड्यात तू शिवणयंत्र टेम्पोत चढवलंस. बाबा दारात उभे होते, पण थांब म्हणाले नाहीत.

आणि त्या वचनाच्या आधी काय आहे, माहीत आहे? कोणाचं चुकलं असं वाटलं तर आधी त्याच्याकडे एकटं जा. दोघंच असताना बोल. नाही ऐकलं तर आणखी एकदोघांना घेऊन जा. मंडळी त्यानंतर, अगदी शेवटी. शिवाय तुझं तर काही चुकलंही नव्हतं. तू फक्त दुखतंय म्हणून सांगितलं होतंस.

मी बाबांना फोन करून वाट्टेल ते बोलले. "तुम्ही आम्हांला अर्धंच शिकवलंत!" त्यांनी मला संपवू दिलं. मग म्हणाले, "मी जुनी कार्डं टाकली नाहीत. पाठवतो. बघ आणि मग बोल."

ताई, कार्डाच्या पुढच्या बाजूला, बाबांच्या अक्षरात, 'दोघंच असताना' आहे. 'मंडळीला सांग' मागच्या बाजूला. पुढची बाजू चहाने पुसट झालेली. आता आठवलं. मी दहा वर्षांची असताना मळलेली कार्डं नव्याने लिहायचं काम बाबांनी माझ्याकडे दिलं होतं. चहा माझ्याच हातून सांडला होता. विचारायला गेले तर सांडल्याचं कळेल, म्हणून जेवढं स्वच्छ होतं तेवढंच मी उतरवलं. बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, "तू कार्ड चुकलीस. मी तर अख्खं वाचलं होतं." त्यांना रडताना मी पहिल्यांदाच ऐकलं, तेही फोनवर.

आणखी एक. जूनपासून मलाही खिडकीपाशी तसंच वाटत होतं, पलीकडे कोणी नसल्यासारखं. सांगावं असं माणूस एकच होतं, आणि तिला मीच घालवलं होतं. तरी वाचत राहिले. आणि ज्या सकाळी त्या ओळीने मला तुझ्याकडे जा म्हटलं, तेव्हा वाटलं, कोणीतरी आहे. तुला पटावं म्हणून नाही लिहीत. खरं आहे म्हणून लिहिते.

शनिवारी दोन वाजता तू तुझ्या शिवणकामाच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून जेवायला बसतेस. समोरच्या बसथांब्यावरून दोनदा पाहिलंय, तेही कबूल करते. या शनिवारी मी येईन, एकटी. तुझं काही सांगायला नाही, माझं सांगायला. नको असेल तर शटर पूर्ण खाली ओढ. मी हाक मारणार नाही, परत जाईन.

अर्धं असेल तर वाकून आत येईन.

तुझी,
मोजपट्टी

ता. क. शनिवारचं मी कोणाला बोलले नाही. आईलाही नाही.