लाल ठिपक्याचा पॉट

बाबा,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. मंगळवारी दुपारी मी लेझर डायोडचा ड्रायव्हर, म्हणजे डायोडला मोजून करंट देणारं सर्किट, पहिल्यांदा सुरू केला.
२. करंट कमी-जास्त करण्यासाठी त्यात तुमच्या कपाटातला पॉट, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तो फिरता भाग, बसवला होता. लाल ठिपका असलेला.
३. तो फिरवताना आतल्या पट्टीवरचा स्पर्श क्षणभर सुटला. करंट खाली येण्याऐवजी एकदम वर गेला.
४. डायोड गेला. आता एकच उरला आहे.
५. चूक कोणाची, हे ठरत नाही.

पाचवा मुद्दा अहवालात लिहिलेला नाही. अहवालात मी 'पॉट सदोष' असं लिहिलं आणि सही केली. तेव्हापासून स्वस्थता नाही. ऑफिसातून निघून बाड्याच्या चौकात टेम्पो बदलते, घरी येते, जेवते, आणि सगळा वेळ ते एकच वाक्य तपासत राहते. सदोष कशासाठी?

आम्ही दगड कापणाऱ्या शेडमधली धूळ मोजायचं यंत्र करतो आहोत. हवेतून लेझरचा किरण जातो, धुळीच्या कणांवरून प्रकाश विखुरतो, तो मोजायचा. त्यासाठी किरण स्थिर हवा, आणि किरण स्थिर हवा तर करंट स्थिर हवा. डायोड फार नाजूक असतो. पंखा, बल्ब, तुमचे अ‍ॅम्प्लिफायर थोडा जास्त करंट सोसतात, हा सोसत नाही. आपल्याला काही कळायच्या आत जातो. म्हणून मी एकेक भाग निवडून घेतला. करंट मोजणारा रेझिस्टर असा, की गरम झाला तरी त्याचं मूल्य फारसं हलणार नाही. सुरुवातीला करंट सावकाश चढावा म्हणून कपॅसिटर. तारा उलट्या जोडल्या गेल्या तर वाचावा म्हणून एक उलटा डायोड. प्रत्येकाची डेटाशीट वाचली, प्रत्येकाला त्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली ठेवलं. फक्त पॉटची डेटाशीट वाचली नाही. त्याच्यावर ठिपका होता.

दाना ओलीच्या गल्लीतलं तुमचं दुरुस्तीचं दुकान मला आवाजासकट आठवतं. बाहेर हातगाडीवाल्यांची भांडणं चाललेली आहेत आणि आत तुम्ही रामलीलेवाल्यांचा अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसला आहात. मी शाळेच्या कपड्यांतच स्टुलावर बसून एक उघडा स्पीकर कानाशी धरला आहे. तुम्ही डोळे मिटून पॉट फिरवता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत.

"ऐक. खरखर येते का?"

"नाही."

"नक्की? घाई नको करू."

"नाही येत, बाबा."

मग आईच्या नेलपॉलिशची बाटली निघायची आणि पॉटच्या पाठीवर लाल ठिपका पडायचा. एकदा आई डबा घेऊन आली, तिने बाटली उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या बोटांपेक्षा यांच्या डब्ब्यांनाच जास्त शृंगार." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "डब्बे उलटून बोलत नाहीत." आई हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी नवी बाटली दुकानात होती, आणि ती तुम्ही आणलेली नव्हती.

तुम्ही मला रागावलात ते एकदाच चांगलं आठवतं. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी तुमच्याकडे कपॅसिटर मागितला. "चांगला द्या," म्हणाले. तुम्ही हातातला सोल्डर बाजूला ठेवलात. "चांगला म्हणजे काय? कशासाठी हवाय ते आधी सांग. गिऱ्हाईक आलं तरी मी हेच विचारतो, भाई, किस लिए चाहिए? कारण न सांगता चांगलं मागायचं नाही." माझा चेहरा पडला. समोर गिऱ्हाईक होतं, त्याच्यादेखत बोललात याचं मला जास्त लागलं. तो म्हणाला, "अरे भाईसाब, बच्ची है." तुम्ही म्हणालात, "इसीलिए बता रहा हूँ."

मंगळवारी आमचे सर माझ्या खांद्यावरून डोकावले. डायोडमध्ये लाल उजेड दिसत होता. "मैडम, जल तो रहा है, फिर गया क्या?" मी सांगितलं, "जल रहा है सर, पर अब लेज़र नहीं है." नुसता फिकट उजेड, किरण नाही. त्यांनी विचारलं, पॉट कुठून घेतला? मी म्हणाले, "घर पे था."

आता हिशेब असा आहे. तुम्ही तो पॉट अ‍ॅम्प्लिफायरसाठी तपासला होता. तिथे स्पर्श सुटला तर जरा खरखर होते, रामलीलेत कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे तुमचा ठिपका खरा होता. पण तो कशासाठी, हे तुम्ही कुठेच सांगून ठेवलं नाहीत. मला विचारायला लावलंत आणि स्वतः नुसता ठिपका ठेवून गेलात. यावर मी चिडले आहे. आणि पॉट सुटला तर करंट शून्यावर यावा यासाठी एक साधा रेझिस्टर पुरतो. तो मी घातला नाही. दुसऱ्या कोणाचाही पॉट असता तर घातला असता.

हे आज लिहायचं कारण कपाट. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. दुकान सुटलं, कपाट हरिशंकरपुरमला घरी आलं, मागच्या खोलीत उभं राहिलं. आईला आता तिथे शिवणाचं मशीन ठेवायचंय. कबाडीवाला बघून गेला. "बहनजी, लकड़ी अलग, माल अलग," म्हणाला, रविवारी येणार आहे. आईने मला विचारलं, "तू तर म्हणत होतीस बाबांचं सामान कामी येतं. येतं का? येत असेल तर ठेवू. नसेल तर नुसतं धूळ पुसायला मी नाही ठेवणार. तू इंजिनियर, तूच सांग." मी म्हणाले, सांगते. अजून सांगितलेलं नाही. कामी येतं असं प्रामाणिकपणे म्हणता येत नाही आणि येत नाही असं तोंडातून निघत नाही.

नवा पॉट काल आला. डेटाशीट शेवटपर्यंत वाचली. तो रेझिस्टरही घातला. अहवाल परत मागवून 'पॉट सदोष' खोडलं, 'निवड सदोष' लिहिलं. तरी नवा पॉट बसवण्याआधी मी तुमच्या कपाटातला स्पीकर काढला, पॉट त्याला जोडला आणि डोळे मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. खरखर नाही.

माझ्या खोलीत खिडकीखाली आईचं मशीन बसतं. तिथे उजेडही चांगला आहे. हे मी कालच मोजून ठेवलं, म्हणजे तुम्हाला विचारायच्या आधी.

कपाट ठेवायचं की द्यायचं, ते शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा. उत्तर आलं नाही तर ठेवायला तुमची हरकत नाही असं समजेन.