हात वर केला की रांग थांबते

मंगळवार, २१ एप्रिल
रविवारी धारला ताईच्या नातवाची, अनीशची मुंज. पुण्याच्या आणि अमेरिकेच्या मंडळींना ती घरबसल्या दिसणार, माझ्या बॉक्समधून. रिटायर होताना कंपनीतून आणलेला, व्हिडिओ नेटवरून पाठवणारा जुना बॉक्स. त्याच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, मी स्वतः लिहिते आहे. ताईचा शेजारी रणवीर म्हणाला, मोबाइलवरून दाखवतो. मी म्हटलं, भिया, तू फक्त जेवायला ये.

अडचण किरकोळ. कार्डाच्या रांगेत जागा थोडी, व्हिडिओचे तुकडे, म्हणजे पॅकेट्स, ढीगभर. रांग भरली की ड्रायव्हर उरलेली फेकून देतो. एका दुपारचं काम.

बुधवार, २२
एक दुपार कमी पडली. पण उपाय मिळाला, थेट माझ्या लहानपणीच्या कॉन्व्हेंटमधून. सिस्टर बर्नाडेट नुसता हात वर करायच्या आणि प्रेअरची अख्खी रांग जागच्या जागी. लाल रिबिनी, पांढरे मोजे, पुढचीच्या वेणीला खोबरेल तेलाचा वास. किती गोड होतं सगळं. तेच केलं. रांग भरली की ड्रायव्हर हात वर करणार, मागची पॅकेट्स थांबणार. आता एकही पॅकेट हरवणार नाही.

स्क्रीन धूसर झालाय. मॉनिटर जुना.

यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. म्हटलं, मी सांगेपर्यंत एक शब्द नको.

शुक्रवार, २४. दुपारी
टेस्ट पास. इरावतीला एक फोटो पाठवला, पुण्याला क्षणात पोचला. म्हणाली, आई, जास्त लोड देऊन पाहिलंस का? लेकीला आईचं कौतुक करवत नाही.

हे अजून गप्प. भारावलेत बहुतेक. नवा मॉनिटर घ्यायचा.

रविवार, २६. धार
सुरुवात झकास. मग मातृभोजन. अनीशच्या आईनं, रुचीनं लाडवाचा घास उचलला, अनीशनं आ केला, आणि पुण्यात, अमेरिकेत तो आ तसाच राहिला. मंगलाष्टकं संपत आली तरी तसाच. विद्युल्लताकाकूंनी अमेरिकेतून फोन करून विचारलं, पोराला लाडू का देत नाहीत?

रणवीरनं खिशातून मोबाइल काढला. म्हणाला, मौसी, टेन्शन मत लो, जेवायला आलोच होतो.

संध्याकाळी, देवासला घरी परतताना बसमध्ये
इरावतीनं कोड वाचून फोन केला. म्हणाली, थांबवलंस ते छान. रांगेत जागा झाल्यावर परत सोडतं कोण?

सिस्टरांच्या दुसऱ्या हातात घंटी असायची, ती वाजली की रांग पुढे. आत्ता आठवली.

शेजारी पाहिलं. हेही बुधवारपासून थांबलेलेच. म्हटलं, बोला आता.

म्हणाले, माझा चष्मा दे. मंगळवारपासून तू घातलायस.

दिला. मॉनिटरचं रद्द.