बोरच्या की बोरीच्या

५ जानेवारी, रविवार
एलओसी प्रकारची फाइल रद्द. त्या फाइलमध्ये फक्त लपवलेल्या डब्याचे नाव आणि अक्षांश-रेखांश येतात. वर्णन नाही, इशारा नाही, आधी जाऊन आलेल्यांनी लिहिलेले काही नाही. जंगलात रेंज नसताना नुसता ठिपका घेऊन काय करायचे? जीपीएक्स फाइलमध्ये सगळे एकत्र बसते. फाइल जड होते आणि इरफानचे जुने बटणांचे जीपीएस यंत्र ती उघडायला फार वेळ लावते. लावू दे.
इ. गॅरेजमधून ओरडला, "गुरुजी, आपल्या जिल्ह्यात डबे हायत मोजून चार. तू काहून फौजेची तयारी करून राह्यला?"
बारावी अर्ध्यात सोडलेल्याला गुरुजी म्हणतो. का, तर दुकानात लोकांचे अर्ज टाइप करताना मी त्यांच्या वेलांट्या सुधारतो.

८ जाने.
याडी, म्हणजे माझी आई, विचारत होती, तुम्ही दोघे रानात शोधता तरी काय. सांगितले, कोणीतरी डबा लपवतो, जागा इंटरनेटवर टाकतो. अनोळखी माणूस यंत्र घेऊन येतो, शोधतो, आतल्या कागदावर नाव लिहितो आणि डबा होता तिथे ठेवून जातो. काहीच घरी आणायचे नाही तर जायचे कशाला, असे तिचे म्हणणे. इ.ला उत्तर देता आले असते.

११ जाने.
इ.च्या पहिल्या डब्याला साइटवर मंजुरी मिळाली. कळंबच्या पुढे, सागाच्या जंगलाच्या कडेला. लपवायला गेला तेव्हा मला नेले नाही. "तुले नेलं तं तू शोधशील काय?"
महिनाअखेर तो हैदराबादला मामूच्या गॅरेजमध्ये चालला आहे. परत कधी, माहीत नाही. जायच्या आधी कागदावर एका तरी परक्या माणसाचे नाव पाहिजे, म्हणतो. एवढे एकच पाहिजे. मी म्हटले, मी लिहितो. "तू परका हायस का बे?"

१४ जाने. संक्रांत
नागपूरच्या एका सरांचा मेल. ते आणि मॅडम रविवारी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला येणार, मग डबा शोधणार. तिकडे रेंज नाही असे साइटवर वाचले, फाइल पाठवाल का. इ.ने तिळगुळाची अख्खी पुडी माझ्या तोंडात कोंबली. "फाइलचं तुयं काम. मी हवेचं पाहतो." हवेचे म्हणजे सरांच्या गाडीच्या टायरमधली हवा. फुकट भरून देणार आहे.

१६ जाने.
चाचणी, देवनागरीत लिहिलेल्या दोन ओळींची. बटणांच्या यंत्रावर मराठी मजकुराचे नुसते चौकोन दिसतात. मग सरांना विचारले, तुमचे यंत्र कोणते. ते मोबाइलवरच पाहतात, रेंज नसताना चालणाऱ्या ॲपमध्ये. तेच ॲप माझ्या मोबाइलवर टाकले, डेटा बंद केला, फाइल उघडली. काना-मात्रा-वेलांटी सगळे जागच्या जागी. जोडाक्षरेही फुटली नाहीत.
म्हणजे रोमन लिपीची गरज उरली नाही.

१७ जाने.
इ.ने साइटवर सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिले आहे. वाचवत नाही. इशारा असा: bor chya budapashi. hat ghal. bhiu nako.
नागपूरची शिकलेली माणसे. त्यांना 'घाल', 'भिऊ नको'? फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून सगळे देवनागरीत केले. "बोरीच्या बुडापाशी. हात घाला. भिऊ नका." बोर हे झाड स्त्रीलिंगी. बोरच्या नव्हे, बोरीच्या. त्याच नावाने सेव्ह केले.
दाखवायला गॅरेजवर गेलो. तो ट्रॅक्टरखाली झोपून काम करत होता, फक्त पाय बाहेर. "पाहून घे एकदा." पाय म्हणाले, "तू पाह्यलं न? भेजून दे."
पाठवली.

१९ जाने., रविवार
इ. सकाळपासून कळंबच्या फाट्यावर, पंप घेऊन. नियम पक्का, ज्याचा डबा त्याने जागा दाखवायची नाही. टायरमध्ये हवा भरून त्याने त्यांना जाऊ दिले. मी दुकानात. जेवलो नाही.
दुपारी सरांनी साइटवर लिहिले: "फाइल उत्तम. जागा शांत आहे. बोरीखाली खूप शोधले, हात ओरबाडून निघाले. डबा सापडला नाही, बहुधा गेला असावा. बोरे मात्र गोड होती." सोबत फोटो. मॅडमच्या ओढणीत बोरे.
इ.चा फोन. "बोरीखाली कायले शोधलं त्यायनं?" मला खरेच कळले नाही. म्हणालो, तूच तर लिहिले आहेस.

२० जाने.
गॅरेज. इ.ने माझ्याच मोबाइलवर फाइल उघडायला लावली. वाचली. मग पान्हा पुसत बसला.
"बोर म्हंजे बोर. पाण्याचा. बोअरवेल."
मी म्हणालो, तिथे बोरीचे झाड आहे असे फोटोत दिसते.
"झाड तं रायतेच रानात. मी 'बोरच्या' लिवलं. झाड असतं तं 'बोरीच्या' नसतं लिवलं का? येवढं मराठी येते मले."
त्याचे बरोबर होते. चूक समजून मी जो शब्द दुरुस्त केला, तेवढाच त्या इशाऱ्यात ओळख पटवणारा होता. साइटवरचे bor वाचून कोणीही इ.ला विचारले असते, कोणता बोर. मला विचारता आले असते. पाच मिनिटांच्या अंतरावर राहतो.
निघताना म्हणाला, "थे अब्बाच्या हातची हापशी होती. डोकं काढून नेलं लोकायनं, पाइप राह्यला. ओट्याले खालून भोक हाय, त्यात डबा."
अब्बा हापश्या दुरुस्त करत, हे मला माहीत होते. मागच्या वर्षी वारले तेव्हा मी खांदा दिला होता. ही त्यांची, हे माहीत नव्हते.

२३ जाने.
सरांना मेल केला. चूक माझी, डबा जागेवर आहे. उत्तर सभ्य आहे. उन्हाळ्यानंतर जमले तर बघू. 'गेला असावा' काढून टाका असे लिहायचे धाडस झाले नाही. ते वाचून दुसरे कोण येणार?
इ.ला ते वाक्य साइटवरून पुसता येते, डबा त्याचा आहे. पुसले नाही. विचारले तर म्हणाला, "त्यायनं जे पाह्यलं थे लिवलं. मी कायले पुसू? पुसापुशी तुयं काम."

२६ जाने.
याडीने बोरे आणली. खाल्ली नाहीत. ती म्हणाली, तब्येत बरी नाही का.

३० जाने.
इ. गेला. बसस्टँडवर त्याचे दोन चुलतभाऊ होते, त्यामुळे बोलणे झाले नाही. यंत्र माझ्याकडे दिले. "ठेव. तिकडं कायले पाह्यजे." खिडकीतून हात केला की काच सरकवली, नीट दिसले नाही. गुरुजी म्हणाला नाही.

४ फेब्रु.
नवी फाइल केली. साइटवरचा त्याचा मजकूर जसाच्या तसा, एकही अक्षर न बदलता. hat ghal. bhiu nako. बटणांच्या यंत्रावर उघडली. चौकोन नाहीत. सगळे वाचता येते. रोमन असते तर त्या यंत्राला काहीच अडचण नव्हती, पहिल्या दिवसापासून.

९ फेब्रु., रविवार
दुकानातून सुट्टी घेऊन गेलो. यंत्राने ओट्यापर्यंत नेले. पाइप गंजलेला, वर पत्र्याचे झाकण ठोकलेले. बोरीचे झाड दहा पावलांवर. तिच्याखाली गवत अजून दबलेले आहे.
भोकात हात घालताना भीती वाटली. डबा तिथेच होता. स्टीलचा, आतून ग्रीसचा वास. कागद घडी केलेला, कोरा. पेन सोबत नेले होते.
नाव लिहिले नाही. मला जागा सांगितली गेली, मी शोधली नाही. शिवाय त्याला परक्या माणसाचे पाहिजे. तसा मी आता झालो असेन तर लिहिता आले असते. ते मला ठरवता येईना. घडी होती तशी घालून डबा परत ठेवला.
फाट्यावर रेंज आली. इ.ला टाइप केले: "डबा जागेवर आहे. कागद कोरडा आहे." पुसले. मग पहिल्यांदाच असे पाठवले: bor pashi gelto. daba hay.
निळ्या खुणा झाल्या. वर 'टाइप करत आहे' असे आले, गेले, परत आले. बस आली तेव्हाही तेच दिसत होते.